काळ्या जमिनीतील संत्रा बागेत ओलाव्याचे सेन्सर: आकडे कितपत खरे मानावेत?

प्रश्न
विचारणारे: इलेक्ट्रॉनिक्सचा संशोधक विद्यार्थी, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स विभागात पीएच.डी. करत आहे. संत्रा बागेतील जमिनीचा ओलावा बिनतारी सेन्सरांच्या जाळ्याने मोजून त्यावरून ओलिताचा निर्णय कसा घेता येईल, हा माझा विषय आहे. कळमेश्वर तालुक्यातील एका बागेत, मालकांच्या संमतीने, हे जाळे मांडले आहे. लागवड सहा बाय सहा मीटरची, झाडे पूर्ण वाढीची, जमीन खोल काळी आणि ओलित ठिबकचे आहे. प्रत्येक नोडला (जाळ्यातील मोजणी करून संदेश पाठवणाऱ्या उपकरणाला) दोन कपॅसिटिव्ह सेन्सर आहेत, एक १५ सेंटिमीटर खोलीवर आणि दुसरा ३० सेंटिमीटरवर. संदेश २.४ गिगाहर्ट्झवरील झिगबी या बिनतारी तंत्राच्या मेश पद्धतीने झाडांमधूनच एका नोडकडून दुसऱ्याकडे जात गेटवेपर्यंत, म्हणजे सर्व संदेश गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत, पोहोचतो.

आंब्या बहारासाठी, म्हणजे हिवाळ्यातील ताणानंतर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडल्यानंतर ताण (झाडाला मुद्दाम पडू दिलेली पाण्याची तूट) पुरेसा कधी बसला आणि ताण तोडण्याचे पहिले पाणी कधी द्यावे, हा निर्णय आज बागायतदार पानांची अवस्था पाहून घेतात. त्या निर्णयाला मोजमापाचा आधार देता यावा, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन गोष्टींनी अडवले आहे.

पहिली गोष्ट मातीची आहे. पाणी तोडल्यावर काही सेन्सरांचे आकडे हळूहळू उतरत राहतात आणि मग एकाएकी जवळजवळ शून्याला टेकतात. त्याच जागी खुरप्याने उकरून पाहिले तर माती हाताला स्पष्ट ओलसर लागते. शेजारच्या झाडाखालील, त्याच खोलीवरचा सेन्सर मात्र व्यवस्थित चालू असतो. विक्रेत्याने दिलेले कॅलिब्रेशनचे (सेन्सरच्या कच्च्या आकड्यावरून ओलावा काढण्याचे) समीकरण मी जसेच्या तसे वापरले आहे. दुसरी गोष्ट जाळ्याची आहे. उन्हाळ्यात जवळजवळ सर्व संदेश येतात, पण पावसाळ्यात, विशेषतः पाऊस पडत असताना, बरेच संदेश गळतात.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे की जाळ्याची रचना सुधारावी, नवे राउटिंग (संदेशांचा मार्ग ठरवण्याची पद्धत) सुचवावे आणि पाण्याची बचत टक्क्यांत दाखवून शोधनिबंध पाठवावा. मला मात्र मुळात आकडेच संशयास्पद वाटतात. मृदाशास्त्र, फलोत्पादन आणि नेटवर्क या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १
मृदा भौतिकीचे अभ्यासक

आपला संशय योग्य आहे आणि माझ्या मते राउटिंगला हात लावण्याआधी त्याचाच निकाल लावला पाहिजे. चुकीचा आकडा शंभर टक्के विश्वासार्हतेने गेटवेपर्यंत पोहोचवला म्हणून तो बरोबर होत नाही.

एकाएकी शून्याला टेकणारा आकडा बहुधा ओलाव्याचा नसून भेगेचा आहे. विदर्भातील काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटातील चिकणमाती भरपूर असते. ती पाणी घेतली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि आकसताना जिथे कमकुवत जागा सापडते तिथे भेग पडते. आपण सेन्सर खुपसला ती जागा म्हणजे आयतीच कमकुवत जागा, त्यामुळे भेग पुष्कळदा सेन्सरच्या पात्याला लागूनच उघडते. कपॅसिटिव्ह सेन्सर प्रत्यक्षात पाणी मोजत नाही, तो आपल्या भोवतीच्या माध्यमाचा विद्युत-पारकता स्थिरांक, म्हणजे ते माध्यम विद्युत ऊर्जा किती साठवते याचे माप, मोजतो. पाण्याचा हा स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ आणि हवेचा १ असतो. पात्याच्या एका अंगाला दोन मिलिमीटर हवा आली तरी सेन्सरला ते माध्यम कोरडे ठाक वाटते, कारण या सेन्सरची संवेदनक्षमता पात्यालगतच्या थरातच सर्वाधिक असते.

हे भेगेमुळे होते की खरोखर वाळल्यामुळे, हे ठरवायला एक साधा हिशेब पुरतो. नागपूरकडे डिसेंबरात झाडे आणि जमीन मिळून दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडते असे सढळ हाताने धरू. ते सर्वच्या सर्व वरच्या ३० सेंटिमीटर थरातून गेले असे मानले, तरी ३०० मिलिमीटर जाडीच्या थरात चार मिलिमीटर म्हणजे आकारमानाच्या १.३ टक्के झाले. मुळे एखाद्या पातळ थरातून जास्त ओढतात, म्हणून ही मर्यादा दुप्पट करा, तिप्पट करा. एका दिवसात आकडा दहा किंवा पंधरा टक्क्यांनी घसरला तर ते जमिनीचे वाळणे असूच शकत नाही. अशा नोंदी संगणकानेच बाजूला काढाव्यात, पण पुसू नयेत. भेग कोणत्या सेन्सरला, कोणत्या ओलाव्यावर उघडली, ही स्वतंत्र आणि उपयोगी माहिती आहे.

आता कॅलिब्रेशनबद्दल. विक्रेत्यांची समीकरणे बहुतेक वेळा वाळू किंवा हलक्या पोयट्याच्या मातीवर बसवलेली असतात. चिकणमातीत कणांना घट्ट चिकटून राहिलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही, शिवाय मातीची विद्युतवाहकता जास्त असल्याने कमी वारंवारतेवर चालणारे स्वस्त सेन्सर फसतात. विहिरीचे पाणी खारवट असेल किंवा ठिबकमधून खते सोडली असतील, तर त्या दिवशी आकडा आपोआप चढतो आणि आपल्याला वाटते की ओलावा वाढला. म्हणून आपल्याच बागेतील मातीवर, आपल्याच सेन्सरचे समीकरण बसवावे लागेल. पाच सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची पोलादी कडी घ्यावी, तिच्यात सुमारे १०० घनसेंटिमीटर माती मावते. पावसाळा संपताना जमीन भरपूर ओली असल्यापासून ताण बसेपर्यंत, अधूनमधून असे नमुने घ्यावेत, ओले वजन करावे, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवावे आणि पुन्हा वजन करावे.

वजनाच्या टक्केवारीवरून आकारमानाची टक्केवारी काढताना मातीची स्थूल घनता (ठरावीक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन) लागते आणि काळ्या जमिनीत ती स्थिर नसते, हा मुद्दा पुष्कळ निबंधांत राहून जातो. समजा ओल्या अवस्थेत घनता १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे आणि वजनाने ओलावा ३० टक्के आहे, तर आकारमानाने तो ३९ टक्के झाला. वाळताना माती आकसून घनता १.६ झाली आणि वजनाने ओलावा १५ टक्के उरला, तर आकारमानाने तो २४ टक्के होतो. जुनीच घनता वापरणारा माणूस मात्र १९.५ लिहील. साडेचार टक्क्यांची ही चूक सेन्सरची नाही, हिशेबाची आहे, आणि ती नेमकी ताणाच्या टप्प्यावर, म्हणजे आपल्याला सर्वांत जास्त अचूकता हवी तिथे पडते.

टेन्शिओमीटर (माती पाणी किती जोराने धरून ठेवते ते मोजणारी पाण्याने भरलेली नळी) लावावा का, हा पुढचा प्रश्न येईलच, म्हणून आताच लिहितो. नेहमीच्या ओलितासाठी ते उत्तम साधन आहे, पण साधारण ८० सेंटिबार (हा जोर मोजण्याचे एकक) च्या पुढे त्याच्या नळीत हवा शिरते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. बहारासाठी द्यायचा ताण त्याच्या पुढचा असतो. म्हणून त्या काळासाठी जिप्सम ब्लॉक किंवा २०० सेंटिबारपर्यंत जाणारे दाणेदार माध्यमाचे सेन्सर वापरावेत. झाडाला किती टक्के पाणी शिल्लक आहे यापेक्षा ते ओढायला किती जोर लागतो, याच्याशी ताणाचा संबंध अधिक जवळचा आहे. आपण नागपुरात आहात ही मोठी सोय आहे, कारण राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्युरो आणि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या दोन्ही अमरावती रोडवरच आहेत. आपल्या बागेची माती कोणत्या श्रेणीत बसते हे ब्युरोच्या सर्वेक्षणातून आधी पाहून घ्यावे. तेवढ्याने अर्धे तर्क वाचतील.

उत्तर २
बिनतारी जाळ्यांवर काम करणारे अभियंता

वरील उत्तराशी सहमत आहे, तरीही जाळ्याचा प्रश्न दुय्यम म्हणून सोडून देऊ नये. संदेश पाऊस पडत असतानाच गळतात, हे आपण सहज लिहून गेलात, पण आपल्या प्रश्नातील सर्वांत गंभीर वाक्य तेच आहे. गळती सर्व दिवसांत सारखी विखुरलेली असती तर सरासरीला फारसा धक्का लागला नसता. इथे मात्र जमीन ओली होण्याच्या वेळच्याच नोंदी हरवतात, त्यामुळे उरलेल्या नोंदींवरून बाग आहे त्यापेक्षा कोरडी दिसते. अशा आकड्यांवर ओलिताचा नियम बसवला तर तो नियम गरजेपेक्षा जास्त पाणी द्यायला सांगेल.

यावर पहिला उपाय राउटिंगचा नाहीच. प्रत्येक नोडमध्ये लहानशी स्मृती आणि घड्याळाची चिप ठेवावी, वाचन वेळेसह तिथेच साठवावे, आणि संदेश पोहोचल्याची पोच मिळाली नाही तर पुढच्या वेळी जुने वाचन सोबत पाठवावे. ओलावा मिनिटामिनिटाला बदलत नाही. अर्ध्या तासाला एक वाचन पुष्कळ झाले, आणि ते तीन तास उशिरा आले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. शिवाय वाचन टक्क्यांत रूपांतर करून पाठवू नये, सेन्सरचा कच्चा आकडा आणि मातीचे तापमान पाठवावे. वरच्या उत्तराप्रमाणे आपण समीकरण बदलणारच आहात. कच्चे आकडे हाती असतील तर मागच्या हंगामाच्या नोंदीही नव्या समीकरणाने पुन्हा काढता येतील.

वारंवारतेबद्दल बोलायचे तर २.४ गिगाहर्ट्झचा बागेतून जाणारा मार्ग मला पटत नाही. पानांत पाणी असते, पावसात पानांवरही पाणी असते, आणि या वारंवारतेवर ते लहरीचा बराच भाग खाऊन टाकते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि लोरा हे कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारे तंत्र त्यावर चालते. पानांतून होणारी घट तिथे कमी असते. मात्र लोरा लावला की काम झाले, असे समजू नये. दोन अँटेनांमधली दृष्टिरेषा मोकळी असणे पुरेसे नसते, तिच्या भोवतीचा फ्रेनेल पट्टाही (लहरी ज्यातून पसरत जातात तो लांबट फुगीर भाग) बराचसा मोकळा लागतो. ५०० मीटर अंतरावर, ८६६ मेगाहर्ट्झला, त्याची मध्यावरची त्रिज्या सुमारे साडेसहा मीटर येते. तिच्या ६० टक्के, म्हणजे चार मीटर तरी झाडांच्या शेंड्यांवर मोकळे असावेत. झाडे साडेचार मीटर उंच धरली आणि नोडची अँटेना साडेपाच मीटरवर, गेटवेची बारा मीटरवर ठेवली, तर मध्यावर हे गणित जेमतेम जुळते. अँटेना झाडाच्या आत, सावलीत, खोडाला बांधलेली असेल तर कोणतेही राउटिंग तिला वाचवणार नाही.

असे झाले की मेशची गरजच उरत नाही, प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलतो. स्प्रेडिंग फॅक्टर (लोरातील संदेश किती सावकाश पाठवायचा याची मांडणी) ७ वर दहा बाइटांचा संदेश सुमारे ६० मिलिसेकंदांत जातो, १२ वर त्यालाच दीड सेकंदाच्या आसपास लागते, आणि बॅटरी त्याच प्रमाणात उतरते. म्हणून सर्व नोड डोळे मिटून १२ वर ठेवू नयेत. पोचही प्रत्येक वाचनाला न मागता दिवसातून दोन-तीनदाच मागावी, कारण गेटवे उत्तर पाठवत असताना त्याला ऐकू येत नाही.

बॅटरीबद्दल एक स्थानिक सूचना. साधे लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे उत्पादकच सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच्या हवेचेच तापमान तिथवर जाते, मग उन्हात तापलेल्या बंद डब्यात काय होत असेल ते सांगायला नको. डबा पांढरा असावा, सौर पॅनेलच्या पाठीला चिकटवलेला नसावा, आणि शक्य असल्यास लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्यावेत.

उत्तर ३
काटोल परिसरातील संत्रा बागायतदार

मी शास्त्रज्ञ नाही, परंतु संत्र्याचीच शेती करतो आणि माझ्याही जमिनीचा अर्धा भाग भारी काळा आहे, म्हणून लिहितो.

भारी जमिनीत डिसेंबरात पाणी तोडून ताण वेळेत बसतोच असे नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. पावसाळा लांबला असेल तर खालची ओल जानेवारीपर्यंत टिकते आणि झाड त्यावर निवांत हिरवेगार राहते. हलक्या किंवा मुरमाड जमिनीत महिना-सव्वा महिन्यात पाने मलूल होऊन फिकी पडतात, भारी जमिनीत दोन महिनेही पुरत नाहीत. आपले सेन्सर १५ आणि ३० सेंटिमीटरवर आहेत. वरचा थर वाळला असे ते सांगतील आणि झाड खालून पाणी पीत राहील. म्हणून निदान काही झाडांखाली ६० सेंटिमीटरवर सेन्सर हवा, नाहीतर ताणाचा निर्णय त्यावरून घेता येणार नाही.

दुसरे म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे अवकाळी पाऊस येतो. तेव्हा प्रश्न असा पडतो की एवढ्या पावसाने ताण तुटला की नाही. वरवर भिजले असेल तर ताण पुढे चालू ठेवता येतो, पण भेगांतून पाणी थेट खाली गेले असेल तर ठिबक सुरू करून बहार धरण्याखेरीज मार्ग नाही. हा निर्णय दोन-तीन दिवसांत घ्यावा लागतो आणि पानांकडे पाहून तो लवकर कळत नाही. आपले जाळे याचे उत्तर देत असेल तर मी स्वतः पैसे देऊन ते लावीन. केवळ ‘पाणी द्या’ किंवा ‘देऊ नका’ एवढाच संदेश मोबाइलवर येणार असेल, तर माझा गडीही ते सांगतो.

तिसरी गोष्ट पाण्याच्या बचतीपेक्षा मोठी आहे. आमची झाडे पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात. फायटोप्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे डिंक्या (खोडातून डिंक गळणे) आणि मूळकूज होते ती मुळांशी पाणी साचून राहिल्याने. म्हणूनच आळ्याने पाणी देताना खोडाला पाणी लागू नये यासाठी डबल रिंग करायला सांगतात आणि खोडाला बोर्डो मलम लावतात. ऑगस्टमध्ये कोणत्या ओळीत पाणी किती काळ तुंबून राहिले, हे सेन्सरने सांगितले तर चर कुठे काढायचा ते आम्हाला कळेल. ही नोंद आपण पावसाळ्यातील निरुपयोगी भाग समजून टाकून देत नसाल अशी आशा आहे.

तारांबद्दल विद्यापीठातील मंडळी विचार करत नाहीत. उंदीर कुरतडतात, रानडुकरे उकरतात, आणि या सर्वांहून वाईट म्हणजे आमचाच रोटाव्हेटर. ओळींच्या मध्ये एकही तार ठेवू नका. सेन्सर, खांब आणि डबा एकाच झाडाच्या घेरात, ठिबकच्या नळीच्या बाजूने असावा, आणि तार लोखंडी नळीतून जावी. खांबाला लाल फडके बांधा, ट्रॅक्टर चालवणारा दरवेळी तोच माणूस नसतो.

उत्तर ४
कृषी सांख्यिकीचे अध्यापक

शोधनिबंधातील बचतीच्या दाव्याबद्दल थोडक्यात. आपण एका बागेच्या एका भागात सेन्सरप्रमाणे ओलित केले, दुसऱ्या भागात नेहमीप्रमाणे, आणि प्रत्येक भागात कितीही सेन्सर लावले, तरी सांख्यिकीच्या दृष्टीने आपल्याकडे प्रत्येक उपचाराची (तुलना करायच्या ओलित पद्धतीची) एकच पुनरावृत्ती आहे. एका ठिबक व्हॉल्व्हवर चालणाऱ्या सर्व झाडांना सारखेच पाणी मिळते, म्हणून एकक व्हॉल्व्ह आहे, झाड नाही. बागेचा उतार आणि मातीची खोली पाहून गट पाडावेत आणि प्रत्येक गटात उपचार चिठ्ठी टाकून ठरवावेत. त्यासाठी व्हॉल्व्ह वाढवावे लागतील आणि प्रत्येकावर पाण्याचे मीटर बसवावे लागेल. खर्च सेन्सरांपेक्षा जास्त होईल, परंतु तोच खरा प्रयोग आहे.

बचत कशाच्या तुलनेत, हेही निबंधात आधी स्पष्ट लिहावे. मोकाट पाण्याशी तुलना केल्यास कोणतेही ठिबक जिंकते. आपली तुलना मालकांच्या सध्याच्या ठिबक पद्धतीशी आणि त्याखेरीज हवामानावर आधारलेल्या वेळापत्रकाशी हवी. त्यासाठी अन्न व कृषी संघटनेची १९९८ ची ५६ क्रमांकाची मार्गदर्शिका वापरतात. नुसत्या हवामानाच्या नोंदीवरून काढलेले वेळापत्रक आपल्या जाळ्याइतकेच चांगले निघाले, तर तोही निष्कर्ष प्रामाणिकपणे छापण्याजोगा आहे.

संत्रा एका वर्षी भरघोस येतो आणि पुढच्या वर्षी कमी. एका हंगामाच्या उत्पादनावरून काहीही सिद्ध होत नाही. निदान दोन लागोपाठचे हंगाम घ्यावेत, आणि प्रत्येक झाडाचे आदल्या वर्षीचे उत्पादन व खोडाचा घेर सहचल म्हणून, म्हणजे झाडाझाडांतील मूळचा फरक वजा करण्यासाठी, विश्लेषणात धरावा.

विचारणाऱ्यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ६० सेंटिमीटरवरील सेन्सर आणि नोडमधील साठवण या दोन गोष्टी पावसाळा संपण्याआधी करता येतील. व्हॉल्व्ह आणि मीटरचा खर्च सध्याच्या अनुदानात बसत नाही, त्यामुळे बचतीचा दावा सोडून अवकाळी पावसानंतर ताण तुटला की नाही हे ओळखण्याचा प्रश्न निबंधाच्या केंद्रस्थानी आणावा, असे मार्गदर्शकांना सुचवणार आहे. बागायतदारांनी सांगितलेला तो प्रश्न आमच्या विभागात कोणालाही सुचला नव्हता.

एक शंका उरते. कडीने वारंवार नमुने घेतले तर सेन्सरजवळची मुळे तुटतील आणि खड्ड्यांतून पाणीही खाली जाईल. मग तेच झाड प्रयोगाला योग्य राहील का?

उत्तर १ देणाऱ्यांचे पुढील स्पष्टीकरण

राहणार नाही, म्हणून सेन्सर असलेल्या झाडाखाली नमुने घेऊच नयेत. त्याच ओळीतील, त्याच व्हॉल्व्हवरील आणि साधारण तेवढ्याच घेराची दोन-तीन झाडे केवळ नमुन्यांसाठी राखून ठेवावीत. त्यांच्याखालीही त्याच खोलीवर एकेक सेन्सर लावावा, आणि कडी सेन्सरपासून वीतभर अंतरावर, ड्रिपरपासून मात्र सेन्सर जितका दूर आहे तेवढ्याच अंतरावर ठोकावी. प्रत्येक वेळी खड्डा त्याच थरांची माती त्याच क्रमाने भरून नीट दाबून बंद करावा आणि पुढचा नमुना झाडाच्या दुसऱ्या अंगाला घ्यावा. ही झाडे उत्पादनाच्या विश्लेषणातून वगळली आहेत, हे निबंधात नमूद करावे. नमुने सकाळी लवकर घ्यावेत, आणि तुलनेसाठी सेन्सरचेही पहाटेचेच वाचन धरावे, कारण १५ सेंटिमीटरवर मातीचे तापमान दिवसभरात बरेच हलते आणि स्वस्त सेन्सरचा आकडा त्याच्याबरोबर हलतो. ताण बसल्यावर काळी माती इतकी कडक होते की हाताने कडी आत जात नाही. तेव्हा हातोडा आणि कडीवर ठेवायचा लाकडी ठोकळा सोबत न्यावा, आणि कडीच्या आत माती दबली किंवा फुटली तर तो नमुना टाकून द्यावा, नाहीतर घनतेचा सगळा हिशेब तिथेच बिघडेल.